शाळा चांगली, पण कुणासाठी?
(गणेशोत्सवात पालकांसाठी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मंडळाच्या चिटणीसांनी मला विषय दिला तो 'मुलांसाठी खासगी हायस्कूल कसे निवडावे' असा. मी त्यांना म्हणाले, "अहो, यावर बोलायला उभी राहिले तर आरतीला उशीर होईल." ते म्हणाले, "अर्ध्या तासात आटपा." तेव्हा अर्ध्या तासात बसेल तेवढेच सांगते.

मी २३ वर्षे हायस्कूलच्या मुलांना विज्ञान शिकवले. त्यांतली शेवटची १४ वर्षे इथे बेंगळुरूमध्ये, दोन खासगी शाळांत. प्रवेशाच्या दिवसांत टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून मी शेकडो पालकांचे प्रश्न ऐकले आहेत. रिझल्ट किती लागतो? फी किती? बस आमच्या लेआउटमध्ये येते का? तिन्ही प्रश्न रास्तच. पण आमची मुलगी अशी अशी आहे, तिला तुमच्या वर्गात कसे वाटेल, असे विचारणारे पालक मला १४ वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

आपल्यातले बरेचजण बदलीने किंवा नोकरी बदलून इथे आले आहेत. मूल बालवाडीत असताना आलात तर प्रश्न सोपा असतो. मूल सातवी-आठवीत असताना आलात तर मात्र तो शाळेपुरता राहत नाही. म्हणून उदाहरण घरातलेच घेते. दोन वर्षांपूर्वी माझी भाची आणि जावई नाशिकहून इथे आले. त्यांची मुलगी नाशिकच्या मराठी शाळेत सेमी-इंग्रजीतून सातवी पास झालेली. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळे मराठीतून. मुलगी हुशार, पण अबोल. पाहुण्यांसमोर तोंड उघडायची नाही. झाडेपाने, किडे-मुंग्या यांत रमणारी. आणि चौथीपासून एकच पालुपद, डॉक्टर व्हायचे. भाची म्हणाली, "मावशी, तू शाळांत आयुष्य घालवलेस, आता तूच सांग."

मी म्हणाले, शाळा पाहायला निघण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसू या.

इथे मला थोडे रूक्ष बोलावे लागणार आहे, पण ते लक्ष देऊन ऐका. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या, म्हणजे सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागांसाठी, अधिवासाचा दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून उत्तीर्ण झालेल्या लागतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे काही अपवाद आहेत, पण खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. म्हणजे मुलीने दहावी बेंगळुरूतून दिली की हे दार बंद. मग इथले दार तरी उघडते का? कर्नाटकाचा सर्वसाधारण नियम असा, की पहिली ते बारावी या काळात किमान ७ पूर्ण शैक्षणिक वर्षे कर्नाटकात शिकलेली हवीत, आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण हवी. बोटे मोजा. आठवी, नववी, दहावी, अकरावी, बारावी. ५ वर्षे होतात. सहावीला आलेल्या मुलाची ७ बरोबर भरतात, आठवीला आलेल्याची भरत नाहीत. म्हणजे आपली मुलगी इकडचीही नाही आणि तिकडचीही नाही! तिला उरतात त्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्याच्या जागा, किंवा मग अभिमत विद्यापीठे आणि खासगी कॉलेजातल्या खुल्या जागा. त्यांची फी ऐकून आपण पाणी मागतो.

इंजिनिअरिंगचे तसे नाही. महाराष्ट्रात आई किंवा वडिलांचा अधिवास असेल तर बाहेर शिकलेल्या मुलालाही राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत स्थान आहे. एनआयटीच्या निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, आणि तिथे राज्य ठरते ते बारावी कुठून झाली त्यावरून. दहावीचा तिथे संबंध नाही. प्रवेशाचे हे नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची पुस्तिका स्वतः वाचा, शेजाऱ्याच्या मुलाच्या वेळचे नियम धरून चालू नका.

जावई हे ऐकून गप्प झाला. त्याची बदली ३ वर्षांसाठी, पण पुढचे कुणी सांगावे? मायलेकींना नाशिकला आजी-आजोबांकडे ठेवून एकट्याने इथे राहावे, असाही विचार त्याने बोलून दाखवला. मी म्हणाले, ते दार आणखी एक वर्ष उघडे आहे. आठवी इथे केली आणि नववीला परत गेली तरी काही बिघडत नाही. खरी रेषा नववीची आहे. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरतात. दहावीत प्रवेश मिळतो तो सीबीएसईच्याच शाळेत नववी केलेल्याला. आयसीएसईचेही तसेच, नववीतच बोर्डाकडे नाव नोंदले जाते. म्हणून ज्यांची बदली डोक्यावर टांगलेली आहे त्यांनी मूल नववीत जाण्यापूर्वी काय तो निर्णय करावा.

आता बोर्डाकडे येऊ. बोर्डाविषयी आपल्यात जातीपातीसारखे मानपान आहेत. आयसीएसई म्हणजे भारी, सीबीएसई म्हणजे मध्यम, स्टेट बोर्ड म्हणजे नाइलाज, अशी उतरंड मी लग्नकार्यातसुद्धा ऐकते. मी दोन बोर्डांत शिकवले आहे आणि तिसऱ्याचे पेपर पाहिले आहेत. उतरंड वगैरे काही नाही, मागण्या निराळ्या आहेत.

आयसीएसईत इंग्रजीचे दोन पेपर, भाषेचा वेगळा आणि साहित्याचा वेगळा. विज्ञानाचे भौतिक, रसायन, जीव असे तीन स्वतंत्र पेपर. इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल यांत लांबलचक उत्तरे. ज्या मुलाला वाचनाची गोडी आहे आणि लहानपणापासून इंग्रजीत लिहिण्याची सवय आहे, त्याला हे बोर्ड फार छान घडवते. सीबीएसईत एनसीईआरटीची पुस्तके, ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० अंतर्गत. आताशा नववी-दहावीचे निम्मे प्रश्न आकलन आणि उपयोजनाचे असतात, त्यामुळे नुसते घोकून भागत नाही. दहावीला गणित 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' असे दोन पातळ्यांवर असते. ही सोय २०२० च्या परीक्षेपासून आली. पुढे गणित घ्यायचे असेल तर स्टँडर्डच घ्यावे. आणि २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा होऊ लागली. पहिली सक्तीची, दुसरी गुण सुधारायची असेल त्याने द्यायची, तीही जास्तीत जास्त तीन विषयांत.

कर्नाटकाच्या एसएसएलसीला ६२५ गुण. पहिली भाषा १२५ ची, बाकी दोन भाषा आणि तीन विषय प्रत्येकी १०० चे. म्हणजे तीन भाषांचे ३२५ गुण झाले, निम्म्याहून जास्त! भाषा चांगल्या असलेल्या मुलाला हे वरदान, आणि आठवीत येऊन कन्नड मुळाक्षरे गिरवणाऱ्याला डोंगर. (पहिली भाषा म्हणून मराठीही घेता येते, पण त्याचा खरा उपयोग बेळगावच्या बाजूला. बेंगळुरूच्या खासगी शाळेत मराठीचा शिक्षक कुठून आणणार?) आयबी आणि केंब्रिजच्या शाळांबद्दल एवढेच म्हणेन, की पदवीसाठी परदेशी जाणे पक्के असेल आणि खिसा तेवढा खोल असेल तर जरूर पाहा.

कन्नडबद्दल आपल्या लोकांत उगाच धास्ती असते. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत कन्नड शिकवणे आले आहे. तुमच्या मुलाने पहिलीपासून कन्नड घेतलेले नाही, तर त्याच्यासाठी काय करणार, कोणत्या पातळीचे पुस्तक देणार, परीक्षेत कोणती भाषा धरणार, हे शाळेला लेखी विचारा. शिवाय २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात नववी-दहावीला तीन भाषा, त्यांतल्या दोन भारतीय, असे सुचवले आहे. त्याची अंमलबजावणी आपल्या शाळेत कशी होणार हेही विचारून ठेवा. मुलाला मात्र धास्ती घालू नका. अण्णा आणि अक्का हे शब्द आपण ज्यांच्याकडून घेतले त्यांची भाषा आहे ती. आमच्या नातीला लिपी यायला दोन महिने लागले आणि भाजीवाल्याशी घासाघीस करायला चार.

असो. आम्ही चार शाळा पाहिल्या. नावे सांगत नाही, कारण नाव सांगितले की तुम्ही नावच लक्षात ठेवाल आणि मी काय पाहिले ते विसराल.

पहिली सीबीएसईची, मोठी नावाजलेली. फाटकातून आत गेल्यावर भिंतभर फोटो, गुणवंतांचे. कोट घातलेल्या बाईंनी आम्हाला पडद्यावर पोहण्याचा तलाव दाखवला, घोडे दाखवले. आठवीपासूनच वैद्यकीय-इंजिनिअरिंगच्या तयारीचे 'फाउंडेशन' शाळेच्या वेळातच, त्याची फी वेगळी. भाचीचे डोळे चमकले, कारण मुलीला डॉक्टर व्हायचे! मी वर्ग पाहायला मागितला. तुकडीत ४० मुले हे प्रमाण सीबीएसईने ठरवून दिलेले आहे. इथे मी बाके मोजली, ५२ मुलांची व्यवस्था होती. घरापासून बस सिल्क बोर्डवरून जाणारी, सकाळी ६.४० ला निघायची आणि संध्याकाळी ५.३० ला परत. नातीने बाहेर आल्यावर एकच विचारले, "मावशीआजी, एवढ्या मुलांत सरांना माझे नाव कधी कळेल?"

या फाउंडेशन प्रकाराबद्दल दोन शब्द बोलतेच. काही मुलांना ते मानवते, मी पाहिली आहेत. पण आठवीत मुलाने पेशी पाहायची असते, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवून. तिथे त्याला पेशीवरचे २०० बहुपर्यायी प्रश्न सोडवायला लावले, तर त्याला पेशी कधीच दिसत नाही. पुढच्या पायरीवर अकरावी-बारावीच्या 'डमी' शाळा असतात, हजेरी कागदावर आणि मुलगा क्लासमध्ये. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सीबीएसईने दिल्ली-राजस्थानातल्या २१ शाळांची मान्यता याच कारणासाठी काढून घेतली. तेव्हा "आमच्याकडे हजेरीची काळजी करू नका" असे कुणी म्हटले, तर तिथेच काळजी सुरू करा.

दुसरी आयसीएसईची, जुनी, दगडी इमारत, मोठाली झाडे. मला स्वतःला ही शाळा फार आवडली. ग्रंथालयात पुस्तके कपाटात कुलूपबंद नव्हती, टेबलांवर उलटी पडलेली होती. मी पुस्तकांच्या देवघेवीची वही चाळली, तर आठवीची मुले आठवड्याला दोन-दोन पुस्तके नेत होती. तिथल्या मुख्याध्यापिका सरळ बाई. त्यांनी नातीला भूगोलाचा एक उतारा वाचायला देऊन त्यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. (प्रवेशपरीक्षा म्हणून नव्हे. आठवीपर्यंत प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घ्यायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई आहे. अल्पसंख्याक संस्थांना मात्र २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तो कायदा लागू नाही. नववीपासून परीक्षा घेता येते.) मुलीला पर्जन्यछायेचा प्रदेश पाठ होता, सह्याद्रीचे उदाहरण तोंडावर होते, पण इंग्रजीत तीन ओळींच्या पुढे पेन सरकेना. सेमी-इंग्रजीतून येणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. आपण गणित-विज्ञानाची काळजी करतो, ते तर इंग्रजीतूनच झालेले असते. मूल अडखळते ते इतिहास-भूगोलात, कारण तिथले सगळे शब्द मराठीत साठवलेले असतात. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ही पाचवीत आली असती तर मी हट्टाने ठेवून घेतली असती. आता दोन वर्षे ती फक्त इंग्रजीशी झगडेल आणि तिचे जीवशास्त्र मागे पडेल." प्रवेश नाकारताना इतके खरे बोलणारी शाळा विरळा.

तिसरी स्टेट बोर्डाची, बसवनगुडीच्या बाजूला एका जुन्या ट्रस्टची. फी पहिल्या शाळेच्या चौथाईसुद्धा नाही. इमारत साधी, रंग उडालेला. पण प्रयोगशाळेत गेले आणि मला माहेरी आल्यासारखे वाटले. मी प्रयोगशाळा सहायकाकडे फुटलेल्या काचसामानाची वही मागितली. तुम्हाला हसू येईल, पण विज्ञानाच्या शिक्षिकेची ही जुनी खोड आहे. वर्षभरात एकही परीक्षानळी फुटली नसेल तर ती प्रयोगशाळा मुलांच्या हाती दिलेली नाही, दाखवायला ठेवली आहे. पहिल्या शाळेतली चकचकीत उपकरणे अजून वेष्टनात होती. इथे वहीची पाने भरलेली, ब्यूरेटच्या तोट्या गळक्या, पण वापरून गळक्या झालेल्या! शिक्षक वीस-वीस वर्षांचे. अडचण एकच, ३२५ गुणांच्या तीन भाषा. एखादी भावंडांत वाढलेली, बडबडी, चौथीतली मुलगी असती तर मी डोळे मिटून इथे घातली असती.

चौथी पुन्हा सीबीएसई, मध्यम आकाराची, घरापासून बसने २० मिनिटांवर. नाव फार कुणाला माहीत नाही. आठवीच्या तीन तुकड्या, प्रत्येकी ३४-३५ मुले. तलाव नाही, घोडे नाहीत. समुपदेशक बाई आहेत आणि त्या खरोखर शाळेत असतात, आठवड्यातून एकदा येत नाहीत. मुलींची स्वच्छतागृहे मी पाहिली, पाणी होते, कड्या लागत होत्या. (बायांनो, हे जरूर पाहा. दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी वर्गात पाहिल्या आहेत, आणि त्याचे कारण त्या आईलाही सांगत नाहीत.) आम्ही विनंती केली की मुलीला एक दिवस वर्गात बसू द्या. पहिल्या शाळेने धोरणात बसत नाही म्हणून सांगितले होते, यांनी लगेच हो म्हटले. दुपारी न्यायला गेलो तर ही फाटकाशी दोन मुलींबरोबर उभी. डबा खाताना त्यांनी बोलावून घेतले म्हणे. जीवशास्त्राच्या सरांनी पानाची शिरारचना काढायला दिली होती, हिने मराठीत नावे लिहिली. सर म्हणाले, "राहू दे, शेजारी इंग्रजी शब्द लिहीत जा, महिन्याभरात दोन्ही येतील." त्या सरांना मराठी येत नाही. चित्र पाहून त्यांना कळले.

निकालाचे म्हणाल, तर या शाळेचा पहिल्या शाळेपेक्षा दोन पावले मागे होता. भाचीला ते टोचले. तेव्हा मी तिला निकालाच्या फलकाच्या मागे काय असू शकते ते सांगितले. एका शाळेत मी शिकवत असताना नववीच्या मार्चमध्ये ११ मुलांच्या पालकांना बोलावले गेले. "तुमच्या मुलाला इथला ताण झेपत नाही, दुसरीकडे बघा." नापास केले नव्हते, लेखी काही दिले नव्हते. पुढच्या वर्षी फलक लागला, १०० टक्के. त्या ११ मुलांत एक मुलगा होता, त्याने माझ्या वर्गात विजेची घंटा स्वतः गुंडाळी करून वाजवून दाखवली होती. मी मुख्याध्यापकांशी भांडले, उपयोग झाला नाही. तो मुलगा शाळेच्या शेवटच्या दिवशी मला सांगायलाही आला नाही.

म्हणून निकाल विचारताना असा विचारा. यंदा दहावीला जी मुले बसली, ती आठवीत असताना तुकड्यांत एकूण किती मुले होती? त्यांतली किती दहावीपर्यंत पोचली? हा आकडा फलकावर नसतो. सीबीएसईच्या शाळांना मागच्या तीन वर्षांचे निकाल, फी, शिक्षकसंख्या, अग्निसुरक्षेचे आणि पाण्याचे दाखले हे सगळे आपल्या संकेतस्थळावर उघड ठेवणे बंधनकारक आहे. 'मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर' या नावाचे पान असते. घरी बसून वाचा. तीन वर्षांचे दहावीचे आकडे दिसले की मग शाळेत जाऊन त्याच मुलांचे आठवीतले आकडे मागा. चौथ्या शाळेने मुकाट्याने रजिस्टर काढून दाखवले. तीन वर्षांत आठवीतली मुले जवळजवळ तेवढीच दहावीला होती, एकदोन बदलीमुळे गेलेली सोडून.

आणखी एक. वह्या मागा. हुशार मुलाची वही दाखवतीलच, तुम्ही मधल्या मुलाची मागा. लाल पेनाने नुसती बरोबरची खूण आहे, की कुठे चुकले ते लिहिले आहे? त्यानंतर मुलाने ते सुधारले आहे? या एका वहीतून शाळेचे शिकवणे जितके कळते तितके माहितीपत्रकातून कळत नाही. आणि गेल्या दोन वर्षांत नववीला गणिताचे किती शिक्षक बदलले, हे शिपायाला विचारा. मुख्याध्यापक आकडा गोल करून सांगतील, शिपाई नावांसकट सांगेल. शाळेचेच शिक्षक संध्याकाळी शिकवणी घेतात का, हेही त्यालाच माहीत असते. शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकाला खासगी शिकवणी करायला बंदी आहे, हे फार थोड्या पालकांना ठाऊक आहे.

ज्या मुलांना वाचन-लेखनाची अडचण आहे, अक्षरे उलटसुलट होतात, त्यांच्या पालकांनी लाजू नये. बोर्डांकडे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत, पण त्यासाठी तपासणीचे कागद वेळेत लागतात. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून भागत नाही. शाळेत विशेष शिक्षक आहे का, आणि त्याने आजवर किती मुलांचे असे अर्ज पाठवले, हे प्रवेशाच्या आधीच विचारावे.

तर आम्ही चौथी शाळा घेतली. आठवीचे वर्ष संपताना जावयाने मुलीला समोर बसवले आणि तो सगळा हिशेब, ८५ टक्के, १५ टक्के, ७ वर्षे, ५ वर्षे, तिला कागदावर मांडून दाखवला. नाशिकला जायचे तर आत्ताच, हेही सांगितले. तेरा वर्षांची मुलगी. तिने दोन दिवस मागून घेतले. मग म्हणाली, मी इथेच राहते. बाबा एकटे राहणार असतील तर मला तिकडे अभ्यास सुचणार नाही, आणि मला डॉक्टरच व्हायचे आहे की झाडांचे काहीतरी करायचे आहे हे मला अजून नीट कळत नाही. भाची रडली. अखिल भारतीय कोट्यातून जागा मिळवणे किती अवघड आहे हे तिला माहीत होते आणि मुलीलाही सांगितलेले होते. मला विचाराल तर मी त्या घरात तेव्हा एक शब्द बोलले नाही.

त्याच वर्षी आपल्या मंडळातल्या एका कुटुंबाने नेमका उलटा निर्णय घेतला. त्यांचा मुलगा पहिल्यापासून ठाम, नातेवाईक लातूरला, आजोबांचा दवाखाना तिथेच. मायलेक नववीला परत गेले. वडील इथे एकटे राहतात, डबा लावला आहे, आज मखराची सजावट त्यांनीच केली आहे. त्यांच्या मुलाला ते मानवले आहे. शाळाही त्यांनी तिथे जाऊन दोन दिवस काढून पाहिली होती, नुसत्या नावावर घेतली नव्हती.

नात आता दहावीत आहे. इतिहास-भूगोलात पहिले सहा महिने फार हाल झाले. घरी मराठीत वाचायचे आणि शाळेत इंग्रजीत लिहायचे असा दुहेरी उद्योग चालला. गुण ९० च्या वर नाहीत, ८० च्या आसपास फिरतात. पण गेल्या डिसेंबरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ती लालबागेतल्या झाडांच्या पानांचा संग्रह घेऊन उभी होती आणि अनोळखी पालकांना समजावून सांगत होती, कन्नडमध्ये, इंग्रजीत आणि मला पाहिल्यावर मराठीत. ज्या मुलीने दोन वर्षांपूर्वी 'मला तहान लागली' हेसुद्धा आईच्या कानात सांगितले होते, ती.

वेळ होत आली, आता कागदांचे सांगून थांबते, कारण दरवर्षी जूनमध्ये चार-दोन फोन येतातच. महाराष्ट्रातून येताना शाळा सोडल्याचा दाखला घ्याल त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. राज्याबाहेरच्या शाळा ती मागतात, आणि ती इथे बसून मिळत नाही. दाखल्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि जन्मदाखल्यावरचे नाव अक्षरशः एक आहे ना ते पाहा. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये लावायची पद्धत, इथे आद्याक्षर लावतात, त्यातून निम्मे घोटाळे होतात. नववीत बोर्डाकडे जसे नाव जाईल तसेच दहावीच्या गुणपत्रिकेवर छापून येते. मुलाचा यूडायसचा कायम शिक्षण क्रमांक जुन्या शाळेकडून लिहून घ्या. आणि प्रवेश पक्का होऊन पावती हाती येईपर्यंत जुन्या शाळेतला दाखला काढू नका, नुसत्या तोंडी होकारावर तर नाहीच.

कुणाला काही विचारायचे असेल तर प्रसादाच्या वेळी मी मागच्या बाजूला, चहाच्या टेबलाशी आहे. मुलांनाही घेऊन या.